हाताने फिरवायचे रेकॉर्ड धुण्याचे भांडे: एक परीक्षण

जुन्या विनाइल रेकॉर्ड्सच्या खरेदी-विक्रीत ‘व्हेरी गुड प्लस’ हा दर्जाचा शेरा जितक्या सढळ हाताने दिला जातो, तितका दुसरा कोणताही दिला जात नसेल. बहुतेक वेळा तो न धुतलेल्या तबकडीवर वरवर नजर फिरवून दिलेला असतो, आणि तिच्यावर दिसणारी रेघ मळाची आहे की ओरखड्याची, हे शोधून काढण्याचे काम घेणाऱ्यावर सोडलेले असते. हाताने फिरवायच्या धुण्याच्या भांड्याकडे लोक आवाज सुधारण्याचे साधन म्हणून पाहतात. ते तसे आहेच. परंतु माझ्या मते त्याचा खरा उपयोग पारखीसाठी आहे. पाण्याने जे निघाले तो मळ होता आणि धुऊन-वाळवूनही जे उरले ती त्या तबकडीची खरी अवस्था आहे, एवढा निवाडा हे भांडे कमी खटपटीत करून देते. तो किती विश्वासाने करून देते आणि कुठे कमी पडते, याचा विचार पुढे केला आहे.

भांड्याची रचना अगदी साधी आहे. एक अरुंद, उभट पात्र, त्यात समोरासमोर बसवलेले दोन मऊ ब्रश, आणि त्यांच्या मध्ये उभी सोडलेली रेकॉर्ड, जिचा खालचा भाग पाण्यात आणि लेबल पाण्याच्या वर राहते. स्पिन-क्लीन या प्रसिद्ध उपकरणात रेकॉर्ड दोन छोट्या चाकांवर टेकते आणि ती कडेला धरून हातांनी फिरवावी लागते. ७, १० आणि १२ इंची तबकड्यांसाठी ही चाके वेगवेगळ्या जागी बसवता येतात. जर्मनीच्या नोस्टी कंपनीच्या भांड्यात लेबलवर दोन्ही बाजूंनी झाकणासारखी चकती आवळली जाते आणि तिच्याच दांड्याने रेकॉर्ड फिरवली जाते. या दोन धाटणींची भांडी आता इतरही अनेक उत्पादक बनवतात, आणि हे परीक्षण एखाद्या छापाचे नसून या प्रकाराचे आहे. दोहोंत निवड करायची झाल्यास लेबल झाकणारी रचना मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण जुन्या लेबलांवरची शाई पाण्याचा एक थेंबही सहन करीलच असे नाही, आणि हातांनी फिरवताना ओल्या कडेवरून ओघळणारे पाणी नेमके लेबलच्याच दिशेने येते. चाकांच्या रचनेचा फायदा एवढाच की रेकॉर्ड पटकन आत-बाहेर करता येते.

पाण्याने धुण्याची गरज मुळात का पडते, हे तबकडीवर कोरलेल्या, सुई जिच्यातून फिरते त्या खाचेच्या मापावरून कळते. १९४८ साली कोलंबिया या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली ती बारीक खाचेच्या बळावर. ही खाच वरच्या तोंडाशी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, रुंद असते. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरतो. साधारण २२ मिनिटांच्या एका बाजूवर ही एकच खाच सातशेहून अधिक वेढे घेते आणि तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास जाते. सुई खाचेच्या तळाला टेकत नाही, ती दोन्ही भिंतींवर स्वार असते. त्यामुळे तळाशी बसलेल्या सुट्या धुळीपेक्षा भिंतींना चिकटलेला तेलकट थर अधिक उपद्रवी ठरतो. कार्बन फायबरच्या कोरड्या ब्रशने वरची सुटी धूळ निघते, आणि रोज रेकॉर्ड लावण्यापूर्वी तेवढे पुरेसे असते. परंतु बोटांचे तेल, धुराचा थर, बुरशी किंवा कुणीतरी पूर्वी चोळलेल्या कसल्याशा द्रवाचा वाळलेला अवशेष, यांपैकी कशालाही कोरडा ब्रश हलवू शकत नाही. दुसऱ्या हातून आलेल्या रेकॉर्डवर हेच सगळे असते.

पाण्यात काय घालावे, यावर संग्राहकांमध्ये जितका वाद आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. माझे मत साध्या मिश्रणाच्या बाजूचे आहे: डिस्टिल्ड पाणी आणि त्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या द्रवाचे मोजके थेंब. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहासाठी आयनरहित पाणी आणि टर्जिटॉल या वर्गातील द्रव यांचाच मार्ग पत्करला आहे. नळाच्या पाण्यातील क्षार सुकल्यावर खाचेतच राहतात, आणि भांडी घासण्याच्या साबणातले सुगंध, रंग व हात मऊ ठेवणारे पदार्थही तसेच मागे राहतात. रेकॉर्ड डोळ्यांना लखलखीत दिसते, पण एक बाजू वाजवून झाल्यावर सुईच्या टोकाशी पांढुरका गोळा जमलेला आढळतो. असा गोळा दिसला की मळ निघाला म्हणून समाधान मानण्याऐवजी साबण उरला म्हणून पुन्हा साध्या पाण्याने खळबळून घ्यावे. आयसोप्रोपिल अल्कोहोल थोड्या प्रमाणात घातल्याने तेलकटपणा लवकर सुटतो आणि रेकॉर्ड लवकर वाळते, हे खरे आहे. पण चांगला द्रव असताना मला त्याची गरज वाटलेली नाही, आणि काही तबकड्यांसाठी ते घातक आहे, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

धुण्याची क्रिया काही मिनिटांची आहे. रेकॉर्ड ब्रशांमध्ये सोडून ती एका दिशेने काही फेरे आणि मग उलट दिशेने तितकेच फेरे सावकाश फिरवायची. घाई केल्यास ब्रशचे तंतू खाचेत शिरण्याऐवजी वरूनच घसरतात. मळ जुना आणि चिकट असेल, तर फिरवण्याआधी रेकॉर्ड थोडा वेळ तशीच पाण्यात ठेवून आणि मधूनमधून थोडी वळवून तो भिजू द्यावा. हा थांबा ब्रशपेक्षाही अधिक काम करतो. त्यानंतर दुसऱ्या पात्रात नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने विसळणे ही पायरी बहुतेक उत्पादक आपल्या माहितीपत्रकात ऐच्छिक असल्यासारखी दाखवतात. मी ती अनिवार्य मानतो.

कारण याच ठिकाणी या भांड्याचा मूळचा दोष आहे. दहावी रेकॉर्ड पहिल्या नऊ रेकॉर्ड्सच्या मळात धुतली जाते. जड कण तळाशी बसतात हे उत्पादकांचे म्हणणे खरे आहे, आणि पात्र खोल असल्याने ते ब्रशपर्यंत सहसा परत येत नाहीत. पण तेल, कागदी पिशवीचे तंतू आणि बुरशीचे बीजाणू तळाशी बसत नाहीत, ते पाण्यात तरंगत राहतात किंवा ब्रशातच अडकतात. पाणी गढूळ दिसेपर्यंत थांबणे म्हणजे फारच उशीर करणे होय. म्हणून धुण्याचा क्रम ठरवावा लागतो: आधी कमी मळलेल्या, शेवटी अगदी खराब, आणि बुरशी लागलेल्या रेकॉर्ड्स स्वतंत्र पाण्यात, ज्यानंतर ब्रशही धुऊन पूर्ण वाळवले पाहिजेत. ओले ब्रश झाकण लावून पात्रात ठेवून दिले, तर पुढच्या वेळी बुरशी बाहेरून येण्याची गरज उरत नाही.

वाळवणे ही दुसरी उणीव. भांड्यासोबत येणारी कापडे पाणी टिपतात, पण खाचेत राहिलेले पाणी हवेतच सुकते आणि त्यात जे विरघळलेले असेल ते तिथेच सोडून जाते. या बाबतीत पाणी ओढून घेणारी यंत्रे स्पष्टपणे सरस आहेत. ब्रिटनमधील कीथ मंक्स यांच्या यंत्रात एक बारीक तोटी खाचेच्या मार्गाने आतून बाहेर सरकत पाणी आणि मळ एकत्रच ओढून घेते. इतर यंत्रांत हेच काम मखमली कड असलेल्या रुंद नळीने होते. मळ पाण्यासह तबकडीवरून कायमचा निघून जातो, हा यामागचा साधा आणि बळकट विचार आहे. त्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि रेकॉर्ड पूर्ण कोरडी झाल्यावरही ओढत राहिल्यास तिच्यावर स्थिर विद्युत साचून धूळ पुन्हा चिकटते, एवढे दोन दोष वगळता मला त्यांच्याविषयी फारशी तक्रार नाही. पराश्रव्य लहरींची यंत्रे आणखी पुढची. पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन ते फुटताना मळ सुटतो; सर्वसाधारण टाक्या ४० किलोहर्ट्झवर चालतात, तर डेग्रिटरसारखे खास रेकॉर्डसाठी बनवलेले यंत्र १२० किलोहर्ट्झवर, ज्यामुळे बुडबुडे अधिक बारीक आणि सौम्य होतात. घरगुती टाकी वापरणाऱ्यांनी पाण्याचे तापमान वाढत जाते, याकडे लक्ष ठेवावे. विनाइल गरम पाण्यात सुरकुतण्याच्या फार आधीच किंचित वाकायला लागते.

आता पारखीकडे वळतो.

धुऊन पूर्ण वाळलेली रेकॉर्ड एकाच दिव्याच्या प्रखर उजेडात, तिरकी धरून, सावकाश फिरवत पाहावी. खोलीभर पसरलेल्या मऊ प्रकाशात जवळजवळ प्रत्येक रेकॉर्ड चांगली दिसते. तिरक्या उजेडात प्रथम दिसतात त्या केसासारख्या बारीक रेघा, ज्या कागदी पिशवीतून रेकॉर्ड काढता-घालता पडतात आणि बहुधा ऐकू येत नाहीत. त्यानंतर पुसट, पट्ट्यासारखे घासल्याचे डाग, ज्यांच्यामुळे शांत भागात हलकी खरखर येऊ शकते. आणि शेवटी खरे चरे. नखाची कड अलगद फिरवून जो चरा हाताला लागतो, तो कानालाही लागणार असे धरून चालावे. खाचेला आडव्या गेलेल्या चऱ्याने टकटक येते, तर खाचेच्या दिशेने, थोडा तिरका गेलेला चरा दिसायला लहान असूनही अधिक धोक्याचा, कारण सुईला पुढच्या किंवा मागच्या वेढ्यात ढकलण्याची ताकद त्याच्यात असते.

एका तबकडीचा तपशील सांगतो, कारण भांड्याचे मोल तिच्यावरून नीट दिसले. धुण्यापूर्वी पहिल्या गाण्याच्या पट्ट्यावर अंगठ्याएवढा करडा डाग होता आणि त्याच्या शेजारी तीन समांतर रेघा. विकणाऱ्याने दोन्हींना मिळून ‘घासल्याच्या खुणा’ म्हटले होते. धुतल्यावर डाग पूर्ण गेला. तो खरोखरच अंगठ्याचा ठसा होता, ज्याच्या तेलात वर्षानुवर्षे धूळ बसली होती. तीनपैकी दोन रेघाही गेल्या. तिसरी मात्र आता काळ्याभोर पृष्ठभागावर पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागली, आणि वाजवताना तिने आपली हजेरी बरोबर लावली. धुतल्याने तबकडीचा दर्जा एकाच वेळी वर आणि खाली गेला होता, आणि माझ्या दृष्टीने हीच प्रामाणिक पारख होय.

टकटक ऐकू आली, तर घड्याळाकडे पाहावे. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते, ४५ फेऱ्यांची सुमारे १.३३ सेकंदांत. टकटक नेमकी या अंतराने, तालात येत असेल, तर ती चऱ्याची आहे आणि कितीही धुतले तरी जाणार नाही. अनियमितपणे, कुठेही फुटणारे आवाज असतील, तर ते मळाचे किंवा स्थिर विद्युतचे असण्याची शक्यता मोठी, आणि अशा रेकॉर्डला पुन्हा एकदा पाणी दाखवणे योग्य ठरते. आणखी एक हिशेब उपयोगी पडतो: एका मिलिमीटर रुंदीत साधारण आठ वेढे बसतात, त्यामुळे केवळ एक सेंटिमीटर लांबीचा आडवा चरा ऐंशीच्या आसपास वेढे ओलांडतो आणि त्याची टकटक दोन मिनिटांहून अधिक काळ सोबत करते. ‘एक छोटासा चरा आहे’ असे कुणी म्हटले, की मी त्याची लांबी विचारतो.

झीज ही चऱ्यापेक्षा फसवी गोष्ट आहे, कारण ती धुतलेल्या तबकडीवरही पहिल्या नजरेत दिसत नाही. सुईचा हात जड असलेल्या जुन्या प्लेयरवर वारंवार वाजलेल्या रेकॉर्डच्या खाचांमध्ये काळेपणाऐवजी करडी झाक येते, विशेषतः मोठ्या आवाजाच्या भागात. मधल्या भोकाभोवती लेबलवर पडलेल्या बारीक, चकाकत्या रेषा पाहाव्यात. टर्नटेबलचा दांडा भोकात बसवताना होणाऱ्या चाचपडण्याच्या त्या खुणा, आणि त्या जितक्या दाट तितकी ती रेकॉर्ड अधिक वाजली आहे. वाजवून पाहायचे, तर बाजूचा शेवटचा भाग आधी ऐकावा. कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलपाशी जेमतेम २१ सेंटिमीटर. तेवढ्याच स्वरांसाठी कमी लांबी उरत असल्यामुळे झिजलेल्या भिंती तिथे सर्वांत आधी फाटक्या आवाजात बोलू लागतात. गायकाचा ‘स’ थुंकल्यासारखा ऐकू येत असेल, तर तो मळ नव्हे. अशा वेळी एकच दिलासा असतो, की वेगळ्या आकाराच्या टोकाची सुई भिंतीच्या कमी झिजलेल्या पातळीवर टेकते आणि तीच रेकॉर्ड कधी कधी आश्चर्यकारकरीत्या सुधारते.

दोन दोष असे आहेत, ज्यांच्यापुढे हे भांडेच काय, कोणतेही यंत्र हात टेकते. पहिला, कारखान्यात तबकडी दाबताना गरम विनाइल खाचेत पूर्ण न भरल्याचा. तिरक्या उजेडात तिथे बारीक पांढुरके ठिपके दिसतात आणि वाजवताना कापड फाडल्यासारखा आवाज येतो. असा दोष कोऱ्या, कधीही न वाजलेल्या रेकॉर्डमध्येही असतो. दुसरा, मऊ पीव्हीसीच्या पिशवीतून निघणाऱ्या द्रव्यांचा. त्या पिशव्यांमध्ये प्लॅस्टिक लवचीक ठेवणारी रसायने असतात, ती वर्षांनुवर्षे रेकॉर्डच्या संपर्कात राहिली की पृष्ठभागावर दुधी धुके धरते. ते बोटाच्या ठशासारखे वाटते, म्हणून माणूस आशेने धूत राहतो, परंतु ते पृष्ठभागावर बसलेले नसून पृष्ठभागच बदललेला असतो. धुक्याचा आकार पिशवीच्या सुरकुत्यांशी जुळत असेल, तर वेळ वाया घालवू नये.

एवढे सगळे पाहून झाल्यावरच दर्जा ठरवण्याला अर्थ आहे. अमेरिकेतील गोल्डमाइन नियतकालिकाने रूढ केलेली मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशी उतरती श्रेणी आज सर्वाधिक वापरली जाते, आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-विक्रीच्या संकेतस्थळावरची देवघेवही तिच्याच आधारे चालते. ब्रिटिश श्रेणीत ‘एक्सलंट’ हा वेगळा शब्द असल्याने दोन्हींची सरमिसळ करणाऱ्यांपासून सावध राहावे. नावांचा शब्दशः अर्थ घेऊ नये. ‘गुड’ रेकॉर्ड प्रत्यक्षात चांगली नसते. ती सुई न अडखळता शेवटपर्यंत जाते, एवढेच तिच्याविषयी म्हणता येते. गोल्डमाइनच्या ढोबळ हिशेबाने व्हेरी गुड प्लसचे मोल निअर मिंटच्या निम्मे आणि व्हेरी गुडचे पाव धरले जाते, म्हणजे एका पायरीची चूक मोल दुप्पट किंवा निम्मे करू शकते. न धुता दिलेल्या दर्जाला मी म्हणूनच अंदाज मानतो. विकणाऱ्याने ‘धुऊन, वाजवून पाहिली’ असे लिहिले असेल, तर त्याच्या एका पायरी खालच्या शेऱ्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

या भांड्यात काय घालू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोलचा स्पर्शही होता कामा नये, कारण लाख त्यात विरघळते; त्यांना केवळ पाणी आणि तेही अल्पकाळ चालते, आणि तडा गेलेली तबकडी उभ्या पात्रात फिरवणे म्हणजे ती मोडण्याची तयारी करणे होय. एकच प्रत थेट कोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या, लेप दिलेल्या लॅकर तबकड्यांवर येणारा पांढरा, मेणचट थर हा मळ नसून त्यांच्याच लेपातून बाहेर आलेले द्रव्य असते, आणि त्यांचे काम जाणकाराकडेच सोपवावे. काही अमेरिकी ४५ फेऱ्यांच्या तबकड्या विनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असतात. त्यांनाही अल्कोहोल टाळावे, आणि त्या वाजवण्याने लवकर झिजतात हे दर्जा ठरवताना लक्षात ठेवावे.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पिशवीत परत घालणाऱ्याने धुतली नसती तरी चालले असते. कागदाचे तंतू, जुनी धूळ आणि बुरशी त्या पिशवीतच असते. पॉलिइथिलीनची नवी आतली पिशवी घालावी आणि जुनी पिशवी छापील मजकुराची असेल तर ती कव्हरमध्ये वेगळी जपावी.

शेवटी शिफारशीचा प्रश्न. ज्याच्याकडे काही शेकड्यांपर्यंत रेकॉर्ड्स आहेत आणि जो अधूनमधून जुन्या घेतो, त्याच्यासाठी लेबल झाकणाऱ्या धाटणीचे भांडे, विसळण्यासाठी दुसरे पात्र आणि वाळवण्यासाठी उभी चौकट एवढे पुरेसे आहे. दुसरे पात्र घ्यायची तयारी नसेल, तर मी पहिलेही घेण्याचा आग्रह धरणार नाही. जो दर आठवड्याला पेटीभर रेकॉर्ड्स आणतो, त्याने ओढणाऱ्या यंत्राकडेच वळावे, कारण पाणी बदलण्याचा आणि वाळण्याची वाट पाहण्याचा त्रास त्याला पहिल्याच महिन्यात नकोसा होईल. खरेदी करताना ब्रशांचे सुटे जोड वेगळे मिळतात की नाही, हे आधी विचारावे. तंतू आडवे पडलेला ब्रश मळ काढण्याऐवजी तो एका तबकडीवरून दुसरीवर नेतो, आणि सुटे जोड न मिळणारे भांडे त्यानंतर पाणी भरण्यापलीकडे फारशा उपयोगाचे राहत नाही.